बॅजची मागची बाजू

आमच्या पेणकरपाड्यात कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघतात. हायवेच्या बाजूने गाळेच गाळे. कुठे पत्रा कापतायत, कुठे प्रेसवर माल दाबतायत, कुठे बफिंगच्या धुळीत आतला माणूस दिसत नाही. पलीकडे भाईंदर, म्हणजे स्टीलच्या भांड्यांचं गावच. इथल्या माणसाच्या हातात डबा दिला की तो झाकण उघडत नाही, तळ बघतो. मार्का कुणाचा, ठसा खोल की वरवरचा, कड नीट मारलीय का... पाच सेकंदांत निकाल! पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी, मागची बाजू धंदेवाल्यासाठी, असा सरळ हिशोब.

हे आठवायचं कारण म्हणजे गेले तीन वीकेंड मी एका जर्मन ब्रोचची मागची बाजू बघतोय. आणि तीसुद्धा फोटोत.

झालं असं. माझी मावसबहीण स्टुटगार्टजवळ राहते (नवरा-बायको दोघंही आयटीत, हे सांगायला नकोच). जर्मनीत जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाला पहिल्या महिन्यातच कोणीतरी बजावतं की बाबा रे, स्वस्तिक दाराबाहेर काढू नकोस. नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवण्यावर तिथे फौजदारी कायद्याच्या कलम ८६ए ची बंदी आहे. आपल्या धार्मिक स्वस्तिकावर त्या कायद्याचा रोख नाही, पण शेजाऱ्याला दोन्हींतला फरक माहीत असेलच असं नाही. म्हणून बहिणीचं स्वस्तिक आत, देव्हाऱ्यापुरतंच. दिवाळीत घरमालकीण आजी फराळाला आल्या, त्यांनी ते पाहिलं, चकली खाल्ली, छान म्हणाल्या आणि गेल्या. आठवड्याने परत आल्या त्या बटणांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन. त्यांची आई २००९ मध्ये गेली, हा तिच्या शिवणकामाचा डबा. बटणांच्या तळाशी एक गोल ब्रोच होता. त्यावर हाकेनक्रॉइत्स, म्हणजे त्यांचं ते चिन्ह, आणि खाली धान्याची दोन कणसं.

आजींचा प्रश्न एकच होता. "आई ह्यात स्वतःहून गेली होती, की तिला जावं लागलं होतं? मागे काहीतरी खूण आहे. त्यावरून कळेल का?"

बहिणीने फोटो काढले आणि धाडले माझ्याकडे. "दादा, तू नाण्यांच्या खुणा बघत बसतोस ना, हे पण बघ." खानदानात माझी एवढीच ख्याती. (नाण्यावर सालाखाली बारीक चौकट-हिरा असेल तर मुंबई टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. घ्या, तुम्हालाही पार्टीत सांगायला एक गोष्ट झाली.)

आधी वस्तू काय आहे ते बघू, मग खूण.

हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीत 'राइश्सआर्बाइट्सडीन्स्ट' नावाची श्रमसेवा उभी राहिली. २६ जून १९३५ च्या कायद्याने ती सरकारी झाली. प्रमुख कॉन्स्टान्टिन हियर्ल. मुलग्यांना सहा महिने फावडं घेऊन राबायची सक्ती लगेच झाली. मुलींचा विभाग वेगळा होता. त्यांना 'आर्बाइट्समेडेन' म्हणायचे. छावणीत राहायचं आणि दिवसभर आसपासच्या शेतकऱ्यांकडे कामाला जायचं. गोठा, बटाटे, धुणी, शेतकरणीची पोरं सांभाळणं, सगळं. कायद्यात मुलींचाही उल्लेख होता, पण प्रत्यक्षात पहिली काही वर्षं मुली बव्हंशी आपल्या इच्छेने जात. (विद्यापीठात शिकायचं असेल तर मात्र हे करून यावं लागे, म्हणजे ती 'इच्छा' जरा नोकरीच्या बाँडसारखीच.)

मग युद्ध सुरू झालं आणि ४ सप्टेंबर १९३९ ला फर्मान निघालं. १७ ते २५ वयाच्या, अविवाहित, पूर्णवेळ नोकरी किंवा शिक्षण चालू नसलेल्या आणि घरच्या शेतीवर गरज नसलेल्या मुलींना श्रमसेवा सक्तीची. जुलै १९४१ मध्ये त्यावर आणखी सहा महिन्यांची 'क्रीग्सहिल्फ्सडीन्स्ट', म्हणजे युद्ध-मदतसेवा चढली. त्यात कारखाने, कचेऱ्या, इस्पितळं आणि शहरातल्या ट्राम. १९४४ पर्यंत तर यातल्या काही मुली विमानविरोधी तोफांच्या सर्चलाइटवर उभ्या होत्या.

म्हणजे आजींच्या प्रश्नाचं उत्तर एका तारखेवर अडकलेलं. सप्टेंबर १९३९ च्या आधी की नंतर? ब्रोचचं साल कळलं तर अर्धं काम झालं. आणि साल कळायचं तर मागची बाजू.

इथे खरी मजा सुरू होते, मंडळी. त्या काळच्या जर्मन बॅज-पदकांच्या मागच्या खुणा म्हणजे कुणीतरी घाईत डिझाइन केलेला डेटाबेस आहे. शंभर टेबलं, पण प्रायमरी की एकही धड नाही.

पहिला प्रकार सरळ. कंपनीचं नाव, गाव किंवा चिन्ह. न्युरेंबर्गचे क्रिस्टियान लाउअर, ड्रेस्डेनचे हेर्मान आउरिश, फोर्झहाइमचे ओटो शिक्ले. ल्यूडेनशाइड गावच्या आसमानचं चिन्ह म्हणजे नुसता शैलीदार 'ए'.

दुसरा प्रकार 'गेस. गेश.' नवशिके हमखास इथे गडबडतात. त्यांना वाटतं की ही कुठलीतरी गेसगेश अँड सन्स कंपनी. तर तसं नाही. 'गेझेट्सलिश गेश्युत्स्ट' याचं ते लघुरूप, म्हणजे 'कायद्याने संरक्षित'. आपल्याकडे पाकिटावर 'रजिस्टर्ड डिझाइन' छापतात तसंच. बनवणारा कोण, याबद्दल त्यातून शून्य माहिती.

तिसरा प्रकार 'आरझेडएम' आणि पुढे 'एम१/अमुक'. ही नाझी पक्षाच्या साहित्यखात्याची, म्युनिकच्या राइश्सत्सोइगमाइस्टराईची परवाना-पद्धत. एम म्हणजे मेटल, एक म्हणजे बॅज, तिरक्या रेषेनंतर कारखान्याचा नंबर. पक्षाच्या वस्तूंवर ही सापडते. श्रमसेवा मात्र सरकारी खातं, त्यामुळे या ब्रोचांवर कंपनीचंच नाव-चिन्ह शोधावं.

चौथा प्रकार 'एल/अमुक'. १९४१ मध्ये पदकं बनवणाऱ्यांची एक संघटना काढली, तिचे हे नंबर. दुकानात विकायच्या पदकांवर असत. पाचवा प्रकार नुसता आकडा, म्हणजे सरकारकडून थेट दिल्या जाणाऱ्या पदकांसाठीचा पुरवठादार नंबर. आता गंमत बघा. ल्यूडेनशाइडची श्टाइनहाउअर उंट ल्यूक ही एकच कंपनी, पण तिची खूण एका पद्धतीत 'एल/१६' आणि दुसऱ्या पद्धतीत '४'. बर्लिनची युंकर एकीकडे 'एल/१२' आणि दुसरीकडे '२'. एका ग्राहकाची तीन खाती आणि ती जोडणारा कॉलमच नाही... असला डेटा मायग्रेट करायला दिला तर आमची टीम दुसऱ्याच दिवशी राजीनामा देईल.

आणि सहावा प्रकार म्हणजे काहीच खूण नसणं. हाही डेटाच, फक्त त्रासदायक.

आजींच्या ब्रोचवर काय होतं? पिनेच्या खाली 'गेस. गेश.' आणि बाजूला तो शैलीदार 'ए'. म्हणजे आसमान, ल्यूडेनशाइड. मी खुर्चीतल्या खुर्चीत एक छोटी उडी मारली. (बायकोने "जिंकली का मॅच?" असं विचारलं.) पण उडी मारून झाल्यावर लक्षात आलं की यातून कळलं ते बनवणाऱ्याचं नाव. साल कुठंय? ही कंपनी युद्धाआधीही बॅज बनवत होती आणि युद्धातही.

मग आठवला दुसरा धागा, धातू. युद्ध जसं लांबलं तसं तांब्यापितळेची जर्मनीत टंचाई झाली. ते सगळं गोळ्या-काडतुसांकडे वळलं. बॅज-पदकं पितळवर्गी मिश्रधातूंवरून जस्तावर उतरली. जस्ताला मुलामा नीट धरत नाही. काही वर्षांत तो उडतो आणि खालचा करडा रंग उघडा पडतो. म्हणून जस्ताचा बॅज दिसला की आधी युद्धाची वर्षं मनात आणायची. हा कायदा नाही, कल आहे. पण कलही काही कमी नसतो.

फोटोत ब्रोच करडा दिसत होता. पण करडं लोखंडही असतं आणि मळलेलं ॲल्युमिनियमही. म्हणून बहिणीला म्हटलं, "फ्रिजवरचा गणपती काढ." दगडूशेठच्या लोहचुंबकाला ब्रोचची फक्त पिन चिकटली, चकती नाही. लोखंड बाद. ॲल्युमिनियम हलकं असतं, पितळ जड, जस्त मध्ये. तिच्या नवऱ्याकडे कॉफी मोजायचा काटा आहे, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. (माणसं कॉफी तोलून पितात. असो.)

आठवीतला आर्किमिडीज आठवतोय ना? ब्रोच नुसता ठेवला तर ९.६ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि ब्रोच दोऱ्याला बांधून पाण्यात अधांतरी सोडायचा. तळाला टेकू द्यायचा नाही. आता काटा जे दाखवेल ते वजन म्हणजे बाजूला सारलेलं पाणी. काट्याने १.३ दाखवले. ९.६ भागिले १.३ म्हणजे साधारण ७.४. काट्याची चूक धरली तरी आकडा ६.९ ते ८ च्या मध्येच राहतो. ॲल्युमिनियम २.७, पितळ ८.५ च्या आसपास, जस्त ७.१. लोखंड ७.९ आहे, पण त्याला गणपतीने आधीच बाद केलंय. उरलं जस्त. हजारो किलोमीटरवरून, कोणाचाही बॅज न घासता, न कापता! इंजिनिअर असल्याचा अभिमान वर्षातून एकदा तरी वाटावा, तो त्या दिवशी वाटला.

तरीही एक खात्री हवी होती. जगात या काळाच्या नकला ढिगाने आहेत. आणि नकलेत सगळ्यात सोपी गोष्ट कुठली? मागची खूण! जो ब्रोच बनवू शकतो त्याला एक 'ए' उठवायला कितीसा वेळ लागतो? म्हणून फोटो घेऊन खाली गाळ्यातल्या चाचांकडे गेलो. तीस वर्षं डायचं काम करतायत. हिटलर-बिटलर काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, "चाचा, ये कैसे बना होगा?"

चाचांनी मोबाइलवर फोटो दोन बोटांनी ताणला. समोरची बाजू बघितलीच नाही. थेट कड. "ये ठोका नहीं है बेटा, ढाला है. पर प्रेशर में ढाला है." मग मला शिकवणी सुरू. पत्र्यावर डाय मारून काढलेल्या मालाला कडेला कापल्याची बारीक रेघ राहते, एका अंगाला चकचकीत आणि दुसऱ्या अंगाला खरखरीत. ओतलेल्या मालाची कड गोलसर असते. पण ओतकामातही दोन जाती. मूळ वस्तूवरून साचा घेऊन, तो भरून बनवलेली नक्कल असेल तर अक्षरं बोथट होतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे राहतात आणि माल मुळापेक्षा किंचित लहान भरतो, कारण धातू थंड होताना आक्रसतो. याची अक्षरं मात्र धारदार होती. "जिसने बनाया, उसके पास असली डाय थी," असा निकाल देऊन चाचा चहा प्यायला लागले. मग मला म्हणाले, "पर ये तुझे बेचना है क्या?" नाही म्हटलं. "फिर असली-नकली का इतना टेन्शन क्यों? जिसके घर से निकला, उससे पूछ ना."

तीन वीकेंड मी ज्याच्याभोवती फिरत होतो ते चाचांनी एका वाक्यात सांगून टाकलं. बटणांच्या डब्यात कोणी नकली बॅज लपवून ठेवत नाही. ही वस्तू कुणाची, याचा सगळ्यात भक्कम पुरावा तो डबाच होता.

म्हणून बहिणीला म्हटलं, आता खुणा राहू दे, आजींना दोन साधे प्रश्न विचार. आईचं जन्मसाल काय आणि शाळा कधी संपली?

जन्म १९२४. शाळा संपली १९४२ मध्ये.

झालं की! १९३९ च्या फर्मानाच्या वेळी ही मुलगी पंधरा वर्षांची. ती या सेवेच्या वयाची झाली तेव्हा सक्ती लागू होऊन दोन वर्षं झाली होती. शाळा सुटली ती थेट यादीत. चिन्ह, कंपनी, चुंबक, आर्किमिडीज, चाचा... हे सगळं एकीकडे आणि जन्माचा दाखला दुसरीकडे. जस्त त्याच्याशी जुळतं, विरोध करत नाही, एवढंच. समोरच्या बाजूचीही थोडी मदत झाली. हे ब्रोच हुद्द्याप्रमाणे चढत्या रंगांचे असायचे. वरच्या पायऱ्यांवरच्या पुढारी बायकांना चांदीच्या आणि सोन्याच्या रंगाचे. याच्या खाचाखोचांत चांदी-सोन्याचा मागमूस नाही. साधी मुलगी होती.

आणि मग आजींनाच एक गोष्ट आठवली. आई कधीकधी सांगायची की तरुणपणी ती स्टुटगार्टच्या ट्रामवर तिकिटं द्यायची. आजींना आयुष्यभर वाटत आलं की ही कॉलेजातली सुट्टीतली नोकरी. पण १९४२ मध्ये सहा महिने छावणी आणि त्यानंतर सहा महिने युद्ध-मदतसेवा, ज्यात मुलींना ट्रामवर घालत, हे एकापुढे एक ठेवल्यावर त्या नोकरीचा रंगच बदलला. दर वेळी हसत सांगितलेली ती गोष्ट. त्यातला 'मला पाठवलं होतं' हा भाग आईने गाळला होता, की सांगितला आणि मुलीला ऐकू आला नाही, कुणास ठाऊक.

मला वाटलं आजींना हायसं वाटेल. सक्ती होती, आई निर्दोष, फाईल बंद. पण आजी म्हणाल्या (बहिणीच्या भाषांतरात), "जावं लागलं हे कळलं. पण सक्ती होती म्हणजे नाखुशीने गेली असं थोडंच आहे?" बरोबरच आहे. ती पिढी दहाव्या वर्षापासून पक्षाच्या मुलींच्या संघटनेत कवायती करत वाढलेली. शेतावरची हवा, चाळीसेक मैत्रिणी, घरापासून पहिल्यांदाच लांब... आवडलंही असेल. कुठल्याही धातूची घनता त्याचं उत्तर देत नाही.

एक गोष्ट मात्र मागच्या खुणेनेच दाखवली, आणि ती सांगावी की नाही यावर मी दोन दिवस घालवले. त्या 'ए'ने मला ल्यूडेनशाइडला नेलं होतं. हे बटणांचं गाव. शतकभर जर्मनीचे गणवेश याच गावच्या बटणांवर बंद होत आले. आपल्या भाईंदरसारखंच, धातू दाबून जगणारं. वर आलेली श्टाइनहाउअर उंट ल्यूक, १८८९ पासूनची, तिथलीच. युद्धानंतर तिने नव्या लोकशाही जर्मनीचं मानचिन्ह, बुंडेसफेर्डीन्स्टक्रॉइत्स, तेही बनवलं. सरकार बदललं, गिऱ्हाईक बदललं, प्रेस तीच.

आणि याच गावाजवळ हुन्सविंकेल इथे १९४० पासून गेस्टापोची 'आर्बाइट्सएरत्सीउंग्सलागर', म्हणजे 'कामातून वळण लावणारी' छावणी होती. 'कामचुकार' ठरवलेल्यांना, आणि पुढे मोठ्या प्रमाणावर पोलंड आणि सोव्हिएत प्रदेशातून वेठबिगारीला आणलेल्यांना, तिथे फेर्झे धरणाच्या कामावर राबवलं. शेकडो माणसं तिथे मेली. या ब्रोचचा त्या छावणीशी थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण श्रमसेवेचं एक घोषवाक्य होतं. आपल्या लोकांसाठी केलेलं काम तुला स्वतःला थोर करतं, अशा अर्थाचं. एकाच राजवटीत, एकाच शब्दाखाली, एका मुलीला ब्रोच मिळाला आणि गावाबाहेरच्या माणसाला धरणाचे दगड. 'आपले लोक' कोण ते ज्यांनी ठरवलं, त्यांनीच हेही ठरवलं. खूण वाचायचीच तर गावाचं नाव वाचून थांबणं मला जमेना. सांगितलं. आजी बराच वेळ गप्प होत्या, असं बहीण म्हणाली. मग त्यांनी छावणीचं नाव कागदावर लिहून मागितलं.

माझ्या डोक्यात मात्र एक वेगळंच चक्र सुरू झालं. या ब्रोचवर कारखान्याचं चिन्ह आहे, डिझाइनची मालकी आहे, वापरणारीचं नाव नाही. 'मेकर' कॉलम भरलेला, 'ओनर' कॉलम नल. अशी लाखावर मुलींची व्यवस्था, आणि आज ब्रोच हातात आला तर आपण सांगू शकतो तो कुणाच्या प्रेसवर बनला, कुणाच्या गळ्याशी होता ते नाही.

तुलनेला आपल्याकडचं बघा. पहिल्या महायुद्धाची ब्रिटिश पदकं, ती गोल चांदीची, कडेने फिरवून पाहिलीत तर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. १९१५-१६ मध्ये कूतच्या वेढ्यात अडकलेल्या ११० व्या मराठा लाइट इन्फंट्रीतला साताऱ्या-रत्नागिरीकडचा माणूस, इंग्रजी स्पेलिंगची वाट लावलेली असली तरी, त्या दोन-तीन मिलिमीटरच्या कडेवर आहे. साम्राज्याने माणुसकीपोटी केलं असं नाही, हिशोबापोटी केलं. पण नाव उरलं. आज एखादा पणतू ते पदक घेऊन निघाला तर त्याला पोहोचायला पत्ता आहे.

आणि घरातली भांडी? स्टीलचा डबा, पितळेचं पातेलं, तांब्या. तळाला कारखान्याचा मार्का आणि अंगावर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव. 'चि. सौ. कां. अमुक हिस, मामांकडून', खाली तारीख. लहानपणी मला ही फार गावठी गोष्ट वाटायची. आता वाटतं, असलं परिपूर्ण रेकॉर्ड कुठल्या म्युझियममध्ये नसेल. कोणी बनवलं, कोणी दिलं, कुणाला दिलं, कधी आणि कशासाठी. पाचही कॉलम भरलेले! आणि तेही बाईच्या नावावर, जिचं नाव घरावर, शेतावर, रेशनकार्डाच्या पहिल्या ओळीवर कुठेच नसायचं.

सोन्याचा कारभार तर हल्ली उलट्या दिशेने गेलाय. पूर्वी हॉलमार्कात सराफाची स्वतःची खूणही असायची. जुलै २०२१ पासूनच्या पद्धतीत दागिन्यावर तीनच गोष्टी उमटतात. बीआयएसचं चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. सराफ कोण ते ॲपमध्ये नंबर टाकून बघायचं. पद्धत म्हणून उत्तम, दर दागिन्याला वेगळा नंबर, आमच्या धंद्याच्या भाषेत शेवटी एक धड प्रायमरी की मिळाली. पण ऐंशी वर्षांनी ते ॲप उघडेल का, हा प्रश्न सॉफ्टवेअरवाल्याने तरी विचारावा. आमचं मागच्या वर्षीचं ॲप उघडत नाही.

तर असो. ब्रोचचं पुढे काय झालं? बहिणीचा नवरा म्हणाला, म्युझियमला देऊन टाका. कोणीतरी सुचवलं, विकून टाका, गिऱ्हाइकं असतात. आजींनी दोन्ही केलं नाही. नुसता घरात ठेवायला तिथला कायदा आड येत नाही. त्यांनी एक पाकीट घेतलं आणि त्यावर पेन्सिलीने आईचं नाव, १९२४, १९४२, 'ट्राम, स्टुटगार्ट', 'आसमान, ल्यूडेनशाइड' आणि शेवटी 'हुन्सविंकेल' असं लिहिलं. आत ब्रोच. पाकीट बटणांच्याच डब्यात परत गेलं. आता त्या बुंडेसआर्काइव्हला, म्हणजे जर्मन राष्ट्रीय अभिलेखागाराला, आईच्या नावाने काही कागद आहे का ते विचारणारं पत्र लिहितायत. काही नाही मिळालं तरी चालेल म्हणाल्या.

मंडळी, या वीकेंडला एक काम करा. घरातल्या जुन्या वस्तूंमधली एक कुठलीही घ्या. पदक, घड्याळ, पानाचा डबा, आजीची नथ. मागची खूण वाचाच, त्यात भरपूर मजा आहे आणि अडलात तर मी आहेच. पण ती कुणाची होती हे सांगणारं माणूस अजून घरात असेल तर आधी त्यांच्याजवळ बसा, आणि ते जे सांगतील ते एका चिठ्ठीवर लिहून त्या वस्तूसोबत ठेवा. कारखान्याचं नाव ऐंशी वर्षांनीही सापडतं. घरच्या माणसाचं सापडेलच असं नाही.